आमच्याकडं भगीरथ आला नाय

शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरून येणाऱ्या मुलांना धड्यातले पौराणिक संदर्भ विचारूच नयेत, असं माझं ठाम मत होतं. ठाकर, कातकरी, वारली घरांतली ही मुलं. घरात शिकणारी बहुधा पहिलीच. त्यांना भगीरथ कुठून ठाऊक असणार? म्हणून मी दोन ओळींची टीप फळ्यावर लिहून द्यायचो. मुलं ती पाठ करायची, गुणही मिळायचे.

आता मला तसं वाटत नाही. एक तर कातकरी समाज आपलं नातं थेट रामाच्या वानरसेनेशी सांगतो. पुराणकथा त्यांना परकी, हे माझं गृहीतच कच्चं होतं. पण मत खऱ्या अर्थाने फिरलं ते ‘भगीरथ प्रयत्न’ शिकवताना. त्या दिवशी टीप न देता नुसती गोष्ट सांगितली. गंगा खाली आणायला अंशुमान झटला, त्याला जमलं नाही. मुलगा दिलीप झटला, त्यालाही नाही. नातू भगीरथाने ती आणली. मग म्हटलं, यावर तुमचं लिहा. एका मुलीने लिहिलं, ‘‘आजी पान्याला जायची. आई पन जाते. मी पन जाते. आमच्याकडं भगीरथ आला नाय.’’

तीन पिढ्यांचा धागा तिने अचूक पकडला होता. मी देत असलेल्या टिपेत ‘खूप मोठे प्रयत्न’ एवढंच असायचं, पिढ्या नव्हत्याच. मुंबईला पाणी देणारं तानसा धरण 1892 सालचं, याच शहापूर तालुक्यातलं. भातसाही इथलंच. आणि एप्रिल-मे लागला की इथल्याच पाड्यांवर टँकरची वाट बघावी लागते. हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही.

तिच्या उत्तरात वाक्यं जोडणारा एकही शब्द नव्हता. शेवटच्या दोन वाक्यांमध्ये काय बसेल, असं विचारलं. थोडा विचार करून म्हणाली, ‘तरीही’. उभयान्वयी अव्ययांची यादी घोकून हे आलं नसतं. आमच्या मुलांच्या बोलण्यात सगळीकडे एकच ‘मंग’ असतो : पाऊस लागला मंग ओढा भरला मंग मी शाळेत नाय आलो. पूर्वी मी त्याला लाल रेघ मारायचो. आता विचारतो, हा मंग ‘नंतर’चा की ‘म्हणून’चा? दुसरा ‘म्हणून’चा, हे मुलं लगेच सांगतात. कार्यकारण त्यांना कळतंच, फक्त प्रमाण मराठीतला शब्द द्यायचा राहिलेला असतो.

बोर्डाच्या कृतिपत्रिकेत प्रमाणभाषाच लिहावी लागणार. तिथे सवलत मी मागत नाही. पण सराव कृतिपत्रिका काढणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना विनंती आहे : संदर्भ वगळू नका. ‘तुमच्या गावात याच्याशी जुळणारं काय आहे?’ एवढा एक प्रश्न स्वमतात घाला, आणि पहिल्या उत्तरात ‘मंग’ आला म्हणून गुण कापू नका.