तिशीच्या आधीचं तोंड

तंबाखू नियंत्रणाची जगभरातली चर्चा बहुतेक धुराभोवती फिरते. सिगारेटवरचा कर, सिगारेटची जाहिरात, सार्वजनिक जागेतलं धूम्रपान. आपला ‘कोटपा’ कायदा २००३ चा. जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण कराराला भारताने २००४ मध्ये मान्यता दिली आणि २००५ मध्ये तो लागू झाला. या कायद्यांचं मोल मला ठाऊक आहे. पण बुलढाणा जिल्ह्यात दंतवैद्य म्हणून मी जी तोंडं तपासते, त्यांना धुराचा वास क्वचितच येतो. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के निघाले, आणि तंबाखू चघळणारे, मळणारे, दातांना लावणारे २४.४ टक्के.

शेतात दुपारच्या सुटीत चुना लावून मळली जाते ती तंबाखू. सकाळी उंबऱ्यात बसून बायका लावतात ती मिसरी. दात घासायला म्हणून सुरू होते आणि मग दिवसातून चार वेळा लागते. या दोन्ही जुन्या सवयी. गेल्या तीस-चाळीस वर्षांत त्यांच्यात गुटखा-पानमसाल्याची पुडी आली, आणि पुडीने वयच खाली आणलं. पुडीतला मोठा भाग तंबाखूचा नसतोच, सुपारीचा असतो. सुपारी एकटीही, तंबाखूशिवायही, कर्करोग घडवते असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ च्या ग्रंथात दिला आहे. तरी ‘कोटपा’त सुपारीला जागा नाही, आंतरराष्ट्रीय करारातही नाही. घरात तर ती देवाच्या पूजेत आणि पाहुण्याच्या तबकात असते, त्यामुळे पोराच्या खिशात सुपारीची पुडी सापडली तर आईबाप म्हणतात, तंबाखू तर नाही ना, मग जाऊ दे.

सुपारीतल्या अर्कामुळे गालाच्या आतल्या अस्तराखाली तंतू साचत जातात. गुलाबी अस्तर पांढुरकं पडतं, लवचीकपणा जातो. गालाच्या आतून बोट फिरवलं की चऱ्हाटासारखे ताठ पट्टे लागतात. आम्ही याला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतो. तपासणी सोपी असते. स्वतःची मधली तीन बोटं एकावर एक, उभी, पुढच्या दातांमध्ये धरायची. निरोगी माणसाची तिन्ही जातात. दोनच गेली तर काळजी करायची, एकच गेलं तर जेवणाचेही हाल होतात. पण रुग्ण तोंड उघडत नाही म्हणून येत नाहीत, तिखट सहन होत नाही म्हणून येतात. “याले तिखट काहून चालत नाई, साहेब? वरणही बिनतिखटाचं मांगते,” असं एक आई आपल्या एकोणीस वर्षांच्या मुलाबद्दल सांगत होती. मुलगा मान खाली घालून बसला होता. त्याला गाल फुगवायला सांगितलं तर फुगेना. जीभ बाहेर काढायला सांगितली तर ती ओठापर्यंतच आली.

पुडी तिथेच सुटली तर रोग पुढे सरकणं थांबू शकतं. व्यायाम आणि इंजेक्शनं यांनी तोंड थोडंफार मोकळं होतं. पण साचलेले तंतू पूर्ण विरत नाहीत, आणि धोका आयुष्यभर मागे राहतो. केरळमधल्या एर्नाकुलम जिल्ह्यात अशा ६६ रुग्णांचा १७ वर्षं पाठपुरावा झाला होता. त्यांतल्या ५ जणांना तोंडाचा कर्करोग झाला. आपल्याकडचे असे रुग्ण मलकापूर किंवा शेगावहून विदर्भ एक्सप्रेस धरून मुंबईला टाटा रुग्णालयात जातात, नाहीतर नागपूरला. तिथे पोचेपर्यंत गाठ बहुधा मोठी झालेली असते.

आता सरकारी तपासणीचं पाहा. आशाताई घरोघरी प्रश्नावली भरतात, संशय आला तर आरोग्य केंद्रात तोंड तपासलं जातं. योजना चांगली आहे. पण ती सुरू होते वयाच्या तिसाव्या वर्षी. पुडी सुरू होते सातवी-आठवीत, आणि विशीत तोंड आखडायला लागतं. ज्या वयात नुसतं थांबवून भागलं असतं, त्या वयात या मुलांचं तोंड कुणी उघडून पाहतच नाही. माझा खरा राग याच गोष्टीवर आहे.

बंदीबद्दलही बोलायला हवं. महाराष्ट्राने जुलै २०१२ मध्ये अन्नसुरक्षा कायद्याखाली गुटखा आणि पानमसाला बंद केला. हा आदेश एका वर्षाचा असतो, दरवर्षी नव्याने काढावा लागतो. शेजारच्या मध्य प्रदेशाने गुटखाबंदी आपल्याही आधी, एप्रिल २०१२ मध्ये केली, पण तिथे पानमसाला मोकळा राहिला. जळगाव जामोदच्या पाठीशी सातपुडा, त्यापलीकडे बऱ्हाणपूर, आणि मलकापूरहून तिकडे सरळ रस्ता; माल याच वाटेने येतो. छाप्यात सापडतो तो गाडीचा चालक नाहीतर टपरीवाला, माल पाठवणारा नाही. भूतानने २००४ मध्ये तंबाखूची विक्री बंद केली होती. भारतातून चोरटा माल येत राहिला, आणि २०२१ मध्ये त्या देशाला कायदा सैल करावा लागला. म्हणून बंदी उठवा असं मी म्हणणार नाही. टपरीच्या दर्शनी भागावरच्या पुड्यांच्या रंगीत माळा गेल्या, हा मुलांच्या दृष्टीने मोठा फायदा आहे. पण सीमेच्या दोन्ही बाजूंना एकच नियम नसेल तर छापे कितीही घाला, माल येतच राहणार. गडचिरोलीत २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ या मोहिमेने गावोगावी समित्या उभारून दारू-तंबाखूच्या विक्रीवर गावाचाच वचक बसवायचा प्रयत्न केला. आपल्या सीमेवरच्या गावांना तसंच काही करता येईल.

त्याच्याही आधी करता येईल असं एक काम आहे. बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं शाळेत येतात, मुलांचे डोळे-दात पाहतात. सातवीपासून पुढच्या प्रत्येक मुलाची तीन बोटं त्याच वेळी तपासावीत. आयटीआय आणि महाविद्यालयात प्रवेश घेताना पुन्हा एकदा तपासावीत. एका मुलाला अर्धा मिनिट लागेल, आणि यंत्र काहीच लागत नाही. नोंद तालुकावार ठेवली तर जिल्ह्याच्या तेराही तालुक्यांत पुडी कुठे वाढतेय ते दोन वर्षांत कळेल, आणि छापे कुठे घालायचे व समुपदेशक कुठे पाठवायचे हे ठरवायला जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर आकडे असतील.