हयातीचा दाखला

नोव्हेंबर आला की पेन्शनवाल्यांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. नाही दिला तर पेन्शन थांबते. बेळगावातल्या आमच्या मंडळीतल्या काही आजी-आजोबांना मराठीच वाचता येते आणि बँकेत काउंटरवर चिकटवलेल्या सूचना कानडीत. म्हणून संडे स्कूलची मुले आम्ही सोबत नेतो. शाळेतले कानडी तिथे कामी येते. सूचना वाचून दाखवायची, खुर्ची आणायची, झिजलेल्या बोटांचा ठसा यंत्र घेईना तर शेजारी थांबायचे. लेवीय १९:३२ मध्ये पिकल्या केसांपुढे उठून उभे राहायला सांगितले आहे, ते मुलांना पाठ आहेच.

“आजी समोर बसल्यात, मग जिवंत आहेत हे सिद्ध का करायचं?” एका चिमुरडीने विचारले. नागरिकशास्त्राच्या धड्याखाली असले प्रश्न नसतात.

“साहेबांनाच विचार,” आम्ही म्हणालो.

तिने विचारले, तेही कानडीत. साहेब हसले आणि यंत्र घेऊन आजींपाशी आले.