सात एकर कोरडवाहू

आमचं रान सात एकर, सगळं कोरडवाहू. रबीची ज्वारी साधली तर वर्षाचं दाणं घरात यायचं नि कडब्यावर दोन बैल जगायचे. नाही साधली, तर सोसायटीचं कर्ज थकायचं.

१९७२ ला काहीच साधलं नाही. बैल मातीमोल गेले. आबा नि आई पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर जाऊ लागले. शेजारी बसून बिनजमिनीची माणसंही तीच खडी फोडत. हजेरी सारखी, मजुरी सारखी, ताटातली तांबडी मिलोही सारखीच. मला वाटायचं, रान असून आपला उपयोग काय झाला?

गावातला एक जण रान विकत मागत होता. भाव पडलेलाच. आबा विचारात पडले. आई एवढंच म्हणाली, "खडी काय, संपंल कवातरी. मग जायाचं कुठं?"

पुढच्या वर्षी पाऊस आला. औत नव्हतं, दुसऱ्याच्या रानात दोन दिवस राबून एक दिवसाचं औत मिळवलं. बियाणं उधार देताना दुकानदार म्हणाला, "रान हाय न्हवं तुमचं? मग न्या."

रानानं दुष्काळात आम्हाला घासभरही दिलं नव्हतं. पण दुष्काळ सरल्यावर परतायला जागा दिली, उधारीला पत दिली. आमच्या शेजारी खडी फोडणारी दोन घरं मात्र त्याच पावसात बोचकी बांधून मुंबईला गेली. त्यांना उधार द्यायला दुकानदार कशाकडं बघणार होता?