नोएडातले बिनभाड्याचे शेजारी

नोकरीनिमित्त दिल्लीकडे निघालेल्या मराठी कुटुंबाला नातेवाईक थंडीची, धुळीची आणि रहदारीची धास्ती घालतात. तिथे भेटणाऱ्या जुन्या ओळखीच्यांबद्दल मात्र कोणी बोलत नाही. नोएडाच्या एखाद्या सेक्टरात बिऱ्हाड थाटावे, तर दुसऱ्याच सकाळी खालच्या बागेतून कडाक्याच्या भांडणाचा आवाज येतो. डोकावून पाहिले, की पालापाचोळा उलटापालटा करणारे सातभाई दिसतात! गावाकडचे कोणी परमुलखात भेटावे, तसे वाटते.

यमुना आणि हिंडन या नद्यांच्या मधल्या शेतजमिनीवर १९७६ साली नोएडाची आखणी सुरू झाली. शेते गेली, गावे वस्तीत मिसळली. पाखरांनी मात्र मुलूख सोडला नाही. शहराच्या कडेला, यमुनेवरच्या ओखला बंधाऱ्यापाशी, १९९० साली पक्षी अभयारण्य घोषित झाले. हिवाळ्यात तिथे उत्तरेकडची बदके उतरतात. २०१७ साली सुरू झालेल्या एका मेट्रो स्थानकालाही त्याचेच नाव मिळाले.

पण पाखरे पाहायला तेवढे लांब जायलाच हवे असे नाही. गॅलरीतली खुर्चीही पुरते. उन्हाळ्याच्या दुपारी तांबटाची टुकटुक चालते. पिंपळ पिकला, की धनेश हजेरी लावतो. वेडा राघू तारेवरून झेप घेतो, माशी टिपतो आणि पुन्हा तारेवर येऊन बसतो. थंडी पडू लागली, की शेपूट थरथरवणारा थिरथिरा आणि हिरवळीवर लगबगीने धावणारा परीट पाहुणे म्हणून येतात.

या सगळ्यांचा शिधा येतो कुठून? त्याचे उत्तर गॅलरीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीत सापडते. दिल्लीच्या थंडीत पाने टाकून बसलेले हे झाड वसंतात पालवते. पोहे-आमटीची सोय झाली म्हणून गृहिणी सुखावते, तोच कोवळी पाने कुरतडलेली दिसतात. पानावर पाखराची विष्ठा पडली असावी असे वाटते. पण ती हळूच चालू लागते! ही लिंबावरच्या फुलपाखराची अळी. लहानपणी असे सोंग घेऊन ती शत्रूला चकवते, मोठी झाल्यावर पानासारखी हिरवी होते. शिंपी आणि बुलबुल यांच्या पिलांसाठी अशी अळी म्हणजे आयता घास. जी वाचेल, तिचे काळे-पिवळे फुलपाखरू होईल.

खिडकीच्या चौकटीवर कुंभारीण मातीचे घर बांधते. अळीपुढे सतत गुणगुणून ती अळीचीच कुंभारीण करते, असा समज आपल्याकडे पूर्वापार आहे. खरे म्हणजे ती घरात अंडे घालते, डंखाने लुळ्या पाडलेल्या अळ्या पिलासाठी भरून ठेवते आणि दार लिंपून टाकते. म्हणजे अळ्या आवरण्याचे कामही कोणीतरी बिनपगारी करतच असते.

आपल्याकडचा मखमली मृगाचा किडा उत्तरेत बीरबहूटी या नावाने ओळखला जातो. पहिल्या पावसानंतर ओल्या मातीतून तो वर येतो. मात्र त्याला उघडी माती लागते, आणि वसाहतीत नेमकी तीच कमी होत चालली आहे. झाडांच्या बुंध्यांपर्यंत फरशी बसते. २०१३ साली राष्ट्रीय हरित लवादाला दिल्लीतल्या झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश द्यावा लागला, तो उगाच नव्हे.

चिमणीची गोष्टही इथेच येऊन मिळते. २०१२ साली दिल्लीने तिला राज्यपक्ष्याचा मान दिला. घरोघरी गॅलरीत तांदूळ आणि पाण्याचे भांडे ठेवले जाते, लाकडी घरटी टांगली जातात. हे चांगलेच आहे. पण चिमणी स्वतः दाणे खात असली, तरी तिच्या नुकत्या जन्मलेल्या पिलांना दाणे चालत नाहीत. त्यांना हव्यात मऊ अळ्या आणि किडे. एका हाताने तांदूळ टाकायचे आणि दुसऱ्या हाताने प्रत्येक कुंडीवर औषध फवारायचे, तर ती पिले वाढणार कशी?

डासांचा बंदोबस्त करायलाच हवा. डेंग्यू ही चेष्टा नव्हे. पण डेंग्यूचा डास वाढतो कूलरच्या आणि कुंडीखालच्या बशीतल्या साचलेल्या पाण्यात. ते आठवड्याला ओतून भांडे घासून कोरडे केले, तर डास कमी होतात आणि फुलपाखराला धक्काही लागत नाही.

तेव्हा कढीपत्त्याच्या दोन फांद्या अळ्यांसाठी सोडाव्यात, बागेचा एक कोपरा न खुरपता तसाच राहू द्यावा. चार पाने कमी पडली, तर आमटीचे काही बिघडत नाही. बिनभाड्याच्या या शेजाऱ्यांचे घर मात्र त्या चार पानांवरच चालते.