सिस्टरची वही आणि सुनेचं कार्ड

आमचं सासर कराड तालुक्यातलं आणि घरातल्या सुनांची माहेरं बहुतेक सांगली जिल्ह्यातली. पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलंच. सातवा लागला की सून कडेगाव-तासगावकडे जाते, तिची नोंद मात्र सातारा जिल्ह्यातच राहते. इकडच्या सिस्टरनं लिहिलेलं वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन तिकडच्या सिस्टरच्या वहीत नसतं. दोघींच्या मध्ये दुवा एकच, माता बाल संरक्षण कार्ड. बऱ्याच घरांत तेही कपाटात साड्यांखाली जपून ठेवलेलं असतं!

मागच्या वर्षी आमच्या धाकट्या सुनेचे पाय सुजले. ‘या दिवसांत सुजतातच’, असं सगळ्याच म्हणाल्या. तिच्या माहेरच्या उपकेंद्रातल्या सिस्टरनं कार्ड उघडलं. महिन्यापूर्वीचं वजन त्यात होतं, म्हणून तर चार किलोची उडी कळली. रक्तदाबही चढलेला निघाला. त्याच दुपारी तिला ग्रामीण रुग्णालयात पाठवलं. दोन ओळी कोणीतरी नीट लिहिल्या होत्या, एवढंच.

नीट लिहिणं सोपं नसतं. सरकारी हिशेबानं सपाटीवर ५,००० आणि डोंगराळ भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र. पाटण-जावळीकडच्या विखुरलेल्या वाड्या आठवा. तिथं फिरायचं, लसी द्यायच्या, रजिस्टर भरायचं आणि तेच पुन्हा संगणकात चढवायचं. रेंज असली तर!

त्यात भर आपली. आधारवर माहेरचं मुलाणी, रेशनकार्डावर सासरचं शिकलगार आणि घरात हाक मारायचं नाव तिसरंच. संगणकाला एकाच बाईच्या तीन बाया दिसतात. पाळीची तारीख विचारली की उत्तर येतं, ‘कडेगावचे ताबूत झाले, त्यानंतर चार दिवसांनी.’ मोहरम दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. मग सिस्टर कॅलेंडरची पानं उलटत बसते. ती तारीख चुकली की बाळंतपणाची तारीखही चुकते. खोली भरून सासवा-नणंदा बसल्या असतील, तर आधीचा गर्भपात सून सांगत नाही. मग तो रकाना कोराच राहतो. आम्हाला वाटतं, त्या वेळी सगळ्यांनी बाहेर बसावं.

आमच्या सुनेला अल्लाहच्या कृपेनं मुलगी झाली. सातव्या दिवशी अकीका झाला, नाव ठेवलं. दुसऱ्याच दिवशी तिचे अब्बा कार्ड घेऊन जन्मनोंदीला गेले. आडनाव कोणतं लिहायचं, हे घरातून निघण्याआधीच ठरलं होतं.