चार भावंडांचा विश्वास

आईवडील गेले की घरात पहिला तडा जातो तो विश्वासाला. वाटणीचे कागद निघतात आणि एका ताटात जेवलेली भावंडे एकमेकांचे शब्द तोलू लागतात. आमचे वडील गेले तेव्हा आम्हा तिघा भावंडांतही ती शंका डोकावली. त्या दिवसांत आधार झाला तो आळंदीच्या चार लेकरांचा.

विठ्ठलपंत-रुक्मिणीबाईंनी देहत्याग केला, तेव्हा त्या पोरक्या लेकरांच्या वाट्याला आला गावाचा बहिष्कार. त्यांना एकमेकांवाचून कोण होते? ज्ञानोबांनी थोरल्या भावालाच गुरू केले आणि शके १२१२ मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीचे सारे श्रेय निवृत्तिनाथांच्या पायी वाहिले. तेच ज्ञानोबा लोकांच्या बोलांनी दुखावून ताटी लावून बसले, तेव्हा त्यांना समजावले धाकट्या मुक्ताईने. त्यांनी ताटी उघडली. धाकटीचे ऐकण्यात कमीपणा मानला नाही.

आमच्या घरीही तेच ठरले. दादाचा शब्द मानायचा आणि धाकटी बोलली तर दादानेही ऐकायचे. कागद झाले, पण ताटी कुणी लावली नाही.

आजही त्र्यंबकेश्वर, आळंदी, सासवड आणि मुक्ताईनगरहून चौघांच्या पालख्या निघतात आणि वाखरीला एकत्र येतात. माऊली, वारीला निघण्याआधी आपल्या घरची ताटी उघडी आहे ना, तेवढे पाहावे.

रामकृष्ण हरी.