डी ड्राइव्हमधली कॉपी म्हणजे बॅकअप नव्हे

वाचकहो, आजचा विषय आजाराचा नाही, संगणकाचा आहे. पण त्यात तुमचे रिपोर्ट गुंतलेले आहेत, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

माझ्या क्लिनिकमधल्या संगणकावर विंडोज १० आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी तिचा नियमित सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय लागते, ती या जुन्या मशीनमध्ये नाही. नवा संगणक घ्यावा तर ईसीजी मशीनचे सॉफ्टवेअर जुन्या विंडोजवरच चालते. म्हणून मी एकाच हार्ड डिस्कवर दोन सिस्टिम ठेवल्या. ईसीजीसाठी विंडोज, तीही इंटरनेट बंद ठेवून. ईमेल आणि वाचनासाठी लिनक्स मिंट.

यालाच ड्युअल बूट म्हणतात. एका मोठ्या खोलीत मध्ये भिंत घालून दोन भाडेकरू ठेवावेत, तसे हे पार्टिशन. संगणक सुरू करताना कोणती सिस्टिम हवी ते विचारले जाते. एका वेळी एकच चालते.

तुम्हाला घरच्या जुन्या लॅपटॉपवर हे करायचे असेल, तर ऑपरेशनसारखीच पूर्वतयारी लागते:

१. सगळ्या फाइल्सची कॉपी बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि त्या उघडतात का, तेही पाहा.

२. बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा.

३. विंडोजमधले फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असताना शटडाउन करूनही विंडोज पूर्ण बंद होत नाही. अशा वेळी लिनक्सने त्या भागात काही लिहिले, तर फाइल्स बिघडू शकतात.

४. लिनक्स आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहा. वायफाय, प्रिंटर चालतो का ते कळते.

५. विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून जागा मोकळी करा. मिंटला किमान २० जीबी लागतात; १०० जीबी असल्या तर उत्तम.

६. इन्स्टॉल करताना विंडोजच्या शेजारी बसवण्याचा पर्याय निवडा. 'डिस्क पुसा' हा पर्याय निवडलात, तर सगळेच जाईल.

नंतर घड्याळ जरूर तपासा. संगणकाच्या आतल्या घड्याळातली वेळ विंडोज स्थानिक वेळ समजते, तर लिनक्स ती जागतिक वेळ धरते. त्यामुळे लिनक्स वापरून विंडोजमध्ये आलात की घड्याळ साडेपाच तास मागे दिसू शकते. घरी ही गंमत वाटेल. पण सकाळी १० वाजता काढलेल्या ईसीजीवर पहाटे ४.३० छापले गेले तर? हृदयविकाराच्या झटक्यात गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे दुखणे सुरू झाल्यापासून १२ तासांच्या आत दिले जाते. तिथे प्रत्येक वेळेची नोंद मोलाची. म्हणून आतले घड्याळ स्थानिक वेळेवरच ठेवायचे, असे मी लिनक्सला सांगून ठेवले आहे. तरीही रोजच्या पहिल्या ईसीजीवरची वेळ मनगटी घड्याळाशी पडताळून पाहतो.

आता मुद्द्याची गोष्ट. अनेक पेशंट सांगतात, "डॉक्टर, सगळे रिपोर्ट डी ड्राइव्हला सेव्ह आहेत, काळजी नाही." पण पुष्कळ घरगुती संगणकांत सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन भाग असतात. विंडोज बिघडली तर डी वाचेल. डिस्कच बंद पडली तर दोन्ही जातील. खोलीत भिंत घातली म्हणून दुसरे घर होत नाही.

म्हणून जुना ईसीजी, अँजिओग्राफी आणि बायोप्सीचे रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड आणि कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे याची नोंद, यांची एक कॉपी वेगळ्या डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर ठेवा आणि एक क्लाउडवर. मूळ कागदही टाकू नका. छातीत दुखते म्हणून तुम्ही येता, तेव्हा ईसीजीत दिसणारा बदल आजचा आहे की पाच वर्षांपूर्वीचा, हे जुना ईसीजी समोर असला की लगेच कळते.

तेव्हा आज घरी एकदा पाहा: तुमचा जुना ईसीजी कुठे आहे, आणि त्याची दुसरी कॉपी कुठे आहे?